उद्याच्या उधारीवर क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉलचा सामना नाणेफेकीने सुरू होतो. दोन्ही संघांचे कर्णधार मैदानाच्या मध्यावर येतात, पंच नाणं उडवतो, हस्तांदोलन होतं आणि प्रेक्षक तोवर आपापल्या जागा शोधत असतात. ७ डिसेंबर २०१४ ला वॉशिंग्टनच्या घरच्या मैदानावर मात्र ही नाणेफेक बातमी झाली. पाहुण्या सेंट लुईस रॅम्सकडून एकदम सहा कर्णधार चालत आले: मायकेल ब्रॉकर्स, जनोरिस जेन्किन्स, अलेक ओगलट्री, झॅक स्टेसी, स्टेडमन बेली आणि ग्रेग रॉबिन्सन. दोन वर्षांपूर्वी रॉबर्ट ग्रिफिन नावाचा तरुण क्वार्टरबॅक मिळवण्यासाठी वॉशिंग्टनने खेळाडू निवडण्याचे आपले जे हक्क रॅम्सना देऊन टाकले होते, त्यांतून उभे राहिलेले हे सहा जण. रॅम्सचे प्रशिक्षक जेफ फिशर यांनी नेमके तेच पुढे पाठवले होते. ग्रिफिनला त्या दिवशी सुरुवातीच्या संघात जागाही नव्हती. रॅम्स २४-० ने जिंकले.

एक शब्दही न बोलता यजमानांना त्यांच्याच अंगणात इतकं झोंबणारं काही ऐकवलेलं मला दुसरं आठवत नाही. पण हा किस्सा इथेच थांबवला तर तो अर्धवट राहतो. त्याचा उत्तरार्ध दीड वर्षानंतर घडला आणि त्यासाठीच हे पुस्तक लिहावंसं वाटलं. त्याकडे येतोच. आधी ज्यांना हा खेळ फक्त टीव्हीवर चॅनेल बदलताना दिसला आहे, त्यांच्यासाठी थोडी ओळख.

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे आयपीएलमुळे लिलाव सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. हातातले फलक वर होतात, आकडा चढत जातो, आणि २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतचे २७ कोटी झाले तसे कोणाचे तरी होतात. ड्राफ्टमध्ये बोली नसते, रांग असते. आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ पहिला उभा राहतो, विजेता शेवटी. अशा सात फेऱ्या होतात. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या कल्पनेतून १९३६ मध्ये ही पद्धत सुरू झाली. त्यांचा संघ हरत होता आणि चांगली पोरं नेहमीच श्रीमंत, जिंकणाऱ्या संघांकडे जात होती. तेव्हा हरणाऱ्याला आधी वाढावं, असा साधा विचार. गंमत म्हणजे त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला जे बर्वेंगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

रांगेतली जागा मात्र विकता येते. पैशांत नव्हे, दुसऱ्या जागांच्या बदल्यात. सहाव्या क्रमांकाच्या संघाला दुसऱ्या क्रमांकावर जायचं असेल तर त्याने आपला सहावा क्रमांक द्यायचा, वर दुसऱ्या फेरीतला एखादा द्यायचा, आणि समोरचा हटून बसला तर पुढच्या वर्षीचा, त्याच्या पुढच्या वर्षीचाही द्यायचा. जे क्रमांक अजून जन्मालाही आलेले नाहीत, ते आज टेबलावर येतात. वर सरकण्याचे असे सौदे अनेक कारणांनी होतात. पण डोळे विस्फारायला लावणारे बहुतेक सगळे एकाच माणसासाठी झालेले आहेत. तो म्हणजे क्वार्टरबॅक.

का, हे समजायला एका चालीची चाळीस सेकंदं पाहावीत. एक चाल संपली की घड्याळ सुरू होतं. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो. तसा स्पीकर असल्याची खूण म्हणून हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका असतो. प्रशिक्षक त्याच्या कानात पुढची चाल सांगतो. ती एखाद्या लांबलचक पत्त्यासारखी असते: कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कोणाला अडवायचं, कोणी किती यार्ड धावून कुठे वळायचं. तो ती इतर दहा जणांना ऐकवतो. घड्याळात पंधरा सेकंद उरली की कानातला आवाज आपोआप बंद होतो. इथून पुढे तो एकटा. समोरच्या अकरा जणांची मांडणी पाहून सांगितलेली चाल चालेल की बदलावी, हे त्याने ठरवायचं. चेंडू हातात आला की साधारण अडीच-तीन सेकंदं मिळतात. तेवढ्यात दीडशे किलोचा एखादा गडी अंगावर येत असतो, आणि ज्याच्याकडे चेंडू फेकायचा तो अजून वळलेलाही नसतो. तो जिथे असेल तिथे चेंडू टाकायचा नसतो, तो जिथे पोहोचेल तिथे टाकायचा असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हा खेळाचा गाभा. आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रयत्न या एका माणसाच्या हातातून जातो. क्रिकेटमध्ये अकरापैकी एक सुमार निघाला तर खपून जातो. इथे हा एक सुमार असेल तर उरलेले बावन्न कितीही चांगले असोत, हंगाम नोव्हेंबरातच संपतो.

आणि नेमकं हेच काम कोणाला जमेल हे आधी ओळखता येत नाही. इंडियानापोलिसला दर वर्षी होणाऱ्या चाचणी मेळाव्यात मुलांची उंची, वजन, धाव मोजतात. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा मोजतात. जॅरेड गॉफचा पंजा नऊ इंच भरला तेव्हा त्यावर चर्चा झडल्या होत्या. ब्राइस यंग पाच फूट दहा इंचांहून केसभर जास्त भरला, त्यावर तर रकानेच्या रकाने लिहिले गेले. या मोजमापांना हसणं सोपं आहे. पण ज्यांना तीन सेकंदांतली बुद्धी मोजता येत नाही, त्यांनी पंजा मोजला तर त्यांचा फार दोष नाही.

१९९८ मध्ये पेटन मॅनिंग आणि रायन लीफ या दोघांत सरस कोण यावर जाणकारांत खरोखर दुमत होतं. सॅन डिएगो चार्जर्सकडे तिसरा क्रमांक होता. दोघांपैकी एक तरी नक्की मिळावा म्हणून त्यांनी ॲरिझोनाकडून दुसरा क्रमांक घेतला. फक्त एक पायरी वर. त्यासाठी तिसरा क्रमांक, त्याच वर्षीचा दुसऱ्या फेरीतला क्रमांक, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला क्रमांक आणि वर दोन खेळाडू. इंडियानापोलिसने मॅनिंग घेतला, चार्जर्सच्या पदरात लीफ पडला. संपूर्ण कारकिर्दीत त्याचे टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, १४ आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले ३६. २००२ मध्ये तो खेळातून बाहेर पडला. लीफची टवाळी आजही होते. मला ती आवडत नाही. एकवीस वर्षांच्या मुलाने स्वतःचा भाव ठरवलेला नव्हता.

भाव ठरवण्याचा प्रयत्न त्याआधीच सुरू झाला होता. १९९० च्या आसपास डॅलस काउबॉइजकडे अशा हक्कांची रेलचेल होती, कारण १९८९ मध्ये त्यांनी हर्शेल वॉकर हा आपला धावपटू मिनेसोटाला देऊन त्या बदल्यात हक्कांची रासच घेतली होती. मालक जेरी जोन्स तेलाच्या धंद्यातले. त्यांचे भागीदार माइक मकॉय यांनी जुन्या सौद्यांवरून प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा तक्ता बनवला. पहिल्या क्रमांकाला ३,०००, दुसऱ्याला २,६००, सहाव्याला १,६००, असं उतरत उतरत. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो तक्ता प्रसिद्ध झाला आणि पुढे लीगभर पसरला. त्या तक्त्याने वॉशिंग्टनचा ग्रिफिनचा सौदा ताडून पाहा. त्यांनी दिलेल्या सहाव्या आणि एकोणचाळिसाव्या क्रमांकाचे मिळून २,११० होतात. मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकाला २,६००. उरलेल्या ४९० गुणांसाठी त्यांनी २०१३ आणि २०१४ अशा दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे क्रमांक दिले. अव्वाच्या सव्वा म्हणतात ते हेच. शिवाय त्याच ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत, १०२ व्या क्रमांकावर, वॉशिंग्टनने कर्क कझिन्स नावाचा आणखी एक क्वार्टरबॅक घेऊन ठेवला होता, आणि पुढची वर्षं संघ त्यानेच चालवला.

ग्रिफिन वाईट होता का? मुळीच नाही. २०१२ मधला तो पहिला हंगाम ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. वॉशिंग्टनने आपला गट जिंकला, तो सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. जानेवारी २०१३ मध्ये सिॲटलविरुद्ध, आधीच दुखावलेल्या गुडघ्यावर खेळत असताना तो गुडघा निकामी झाला, आणि तो वेग परत आला नाही. त्याला सावरायला, त्याच्याभोवती भिंत उभी करायला ज्या तरुणांची गरज होती, ते सेंट लुईसमध्ये खेळत होते.

या पुस्तकाचं म्हणणं इथे सुरू होतं. अशा सौद्यांचा हिशेब मांडताना लोक मुलाकडे पाहतात: निघाला की नाही निघाला? माझ्या मते पाहायला हवं ते घराकडे. क्वार्टरबॅक एकट्याने घडत नाही. त्याला अडवणारे पाच गडी लागतात, चेंडू झेलणारे लागतात, त्याच्या हाताला साजेसा खेळ लिहिणारा प्रशिक्षक लागतो, आणि जमलं तर बाकावर बसून शिकायला एक वर्ष लागतं. वर सरकण्याचा भाव नेमका याच गोष्टींतून चुकता होतो. बैलजोडी घ्यायला जमीन विकावी, असा हा व्यवहार आहे.

कॅरोलिना पँथर्सचं २०२३ सालचं प्रकरण याचा कळस म्हणावा. शिकागो बेअर्सकडून पहिला क्रमांक घेण्यासाठी त्यांनी नववा आणि एकसष्टावा क्रमांक दिला, २०२४ च्या पहिल्या फेरीचा आणि २०२५ च्या दुसऱ्या फेरीचा हक्क दिला, आणि वर डीजे मूर दिला. हा मूर म्हणजे त्यांच्याकडचा सर्वांत चांगला चेंडू झेलणारा. म्हणजे चेंडू फेकणारा आणण्यासाठी झेलणारा विकला. ब्राइस यंग आला. पहिल्याच हंगामात प्रतिस्पर्ध्यांनी त्याला चेंडू हातात असतानाच ६२ वेळा जमिनीवर लोळवलं. अकरा सामन्यांनंतर प्रशिक्षक फ्रँक राइक यांची हकालपट्टी झाली. संघ १७ पैकी दोनच सामने जिंकला आणि लीगमध्ये तळाला गेला. तळाला गेलेल्याला पुढच्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक मिळतो. पण तो तर आधीच विकलेला होता. शिकागोने आपला विकलेला पहिला क्रमांक वर्षभरात फुकट परत मिळवला आणि त्यावर कॅलेब विल्यम्स घेतला. दरम्यान, यंगच्या लगोलग दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला सीजे स्ट्राउड ह्यूस्टनमध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला होता. यंगबद्दल अंतिम निकाल द्यायची मला घाई नाही. बासष्ट वेळा पाडल्यावर कोणाचीही परीक्षा नीट घेता येत नाही, एवढंच.

मग संघ हे करतात तरी का? त्यांना मूर्ख म्हणून मोकळं होता येत नाही. पहिलं कारण पैशाचं आहे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला तब्बल पाच कोटी डॉलरची हमी मिळाली होती. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारानंतर नवोदितांचे पगार बांधले गेले. यंगला चार वर्षांसाठी मिळून ३.८ कोटी डॉलरच्या आसपास मिळतात. डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटचा २०२४ मधला करार वर्षालाच ६ कोटींचा आहे. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर वरची मर्यादा असते, २०२४ मध्ये ती २५.५४ कोटी होती. अशा वेळी नवा आणि चांगला क्वार्टरबॅक मिळाला तर वर्षाला पाच कोटी इतरांवर खर्च करायला मोकळे होतात. हा विचार बिनतोड आहे.

दुसरं कारण खुर्चीचं, आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. संघाच्या जनरल मॅनेजरचं आयुष्य तीन-चार वर्षांचं. तीन वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा हक्क तो विकतो, तेव्हा बहुधा तो आपल्यानंतर येणाऱ्याचा हक्क विकत असतो. लीगमध्ये रूढ हिशेबही त्याला साजेसा आहे: पुढच्या वर्षीची पहिली फेरी म्हणजे या वर्षीची दुसरी फेरी. एवढं व्याज गावातला सावकारही लावत नसेल. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी (थेलर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ही उधारी मोजून दाखवली. रांगेच्या अगदी वरच्या जागांना त्यांच्या योग्यतेपेक्षा जास्त भाव मिळतो, हा त्यांचा निष्कर्ष. त्यातला मला सर्वांत बोलका वाटलेला आकडा असा: एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी घेतलेला सरस ठरण्याचं प्रमाण जेमतेम ५२ टक्के. नाणेफेकीहून दोन टक्के जास्त.

आणि तिसरं कारण कॅन्सस सिटी. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये शिकागोने तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येण्यासाठी तीन हक्क जादा दिले आणि मिचेल ट्रुबिस्की घेतला. ज्या सॅन फ्रान्सिस्कोकडून ही पायरी विकत घेतली, त्यांना क्वार्टरबॅक नकोच होता. (या सौद्यातला ६७ वा क्रमांक पुढे हात बदलत न्यू ऑर्लिन्सकडे गेला आणि त्यावर आल्विन कमारा निवडला गेला, एका पायरीच्या किमतीत केवढा खेळाडू गेला!) त्याच संध्याकाळी कॅन्सस सिटी चीफ्सने २७ व्या क्रमांकावरून थेट दहाव्यावर उडी मारली. बफेलोला त्यांनी २७ वा क्रमांक, तिसऱ्या फेरीतला एक आणि २०१८ ची पहिली फेरी दिली. अकराव्या क्रमांकावर न्यू ऑर्लिन्सही त्याच मुलावर नजर ठेवून बसलं होतं. मुलगा पॅट्रिक महोम्स. त्यानंतर चीफ्सने त्याच्यासह तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. आज प्रत्येक जनरल मॅनेजर मालकासमोर सौद्याचा प्रस्ताव मांडतो तेव्हा लीफचं नाव घेत नाही, महोम्सचं घेतो.

पण महोम्स कुठे आला, तेही पाहा. आदल्या हंगामात १६ पैकी १२ सामने जिंकलेल्या संघात. ॲलेक्स स्मिथसारखा शांत, अनुभवी क्वार्टरबॅक जागेवर होता, प्रशिक्षक अँडी रीड होते. पहिलं वर्ष महोम्सने जवळजवळ पूर्ण बाकावर काढलं. शेवटचा एकच सामना सुरुवातीपासून खेळला. पुढच्या वर्षी ५० टचडाउन पास. घर भरलेलं होतं, म्हणून भाव परवडला. हा सौदा करणारे जनरल मॅनेजर जॉन डॉर्सी यांना मात्र ड्राफ्टनंतर दोनच महिन्यांत नारळ मिळाला, तो भाग वेगळा.

आता रॅम्सचा उत्तरार्ध. वॉशिंग्टनला हिणवणाऱ्या रॅम्सकडे हक्क भरपूर आले, गडीही चांगले आले; पण त्या सगळ्या वर्षांत त्यांचा एकही हंगाम विजयी ठरला नाही. कारण त्यांच्याकडे क्वार्टरबॅक नव्हता. २०१६ मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला, आणि त्याच जेफ फिशर यांच्या रॅम्सनी टेनेसीकडून पहिला क्रमांक घेण्यासाठी दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या, दोन दुसऱ्या आणि दोन तिसऱ्या फेऱ्यांचे हक्क ओतले. ज्या सौद्याची त्यांनी टर उडवली, तोच केला. नऊ इंची पंजाचा गॉफ घेतला. पहिल्या वर्षी तो सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने हरला, फिशर यांना डिसेंबरात घरी बसवलं. तिशीतले शॉन मॅक्वे आले, आणि तोच गॉफ दोन वर्षांत सुपर बोलला पोहोचला. २०२१ मध्ये त्याच रॅम्सनी गॉफला, वर दोन पहिल्या फेऱ्या देऊन, डेट्रॉइटला धाडलं आणि बदल्यात मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला. लगेच सुपर बोल जिंकला. आणि टाकून दिलेल्या गॉफने डेट्रॉइटसारख्या पिढ्यान्‌पिढ्या हरणाऱ्या संघाला २०२३ च्या हंगामात सुपर बोलच्या उंबरठ्यावर नेलं. एकच मुलगा, तीन घरं म्हणावीत इतके तीन वेगळे निकाल. माझं म्हणणं पटवायला याहून चांगला साक्षीदार मला मिळाला नसता.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं एक प्रकरणही आहे, आणि ते मी टाळलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचं घर भरलेलं होतं, प्रशिक्षक काइल शानाहन नावाजलेले होते. २०२१ मध्ये बाराव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी त्यांनी पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या दिल्या आणि ट्रे लान्स घेतला, कॉलेजात एकच पूर्ण हंगाम खेळलेला. सुरुवातीपासून खेळलेले चारच सामने, एक मोडलेला घोटा, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये चौथ्या फेरीच्या एका हक्कावर डॅलसला रवानगी. सौदा पुरता बुडाला. संघ मात्र बुडाला नाही, कारण २०२२ च्या ड्राफ्टमधला सर्वांत शेवटचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी त्यांच्याकडे होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये लास वेगासच्या सुपर बोलमध्ये एकीकडे पर्डी होता, दुसरीकडे महोम्स. जादा वेळेत महोम्स २५-२२ ने जिंकला. पर्डीसाठी कोणी सौदा केला नव्हता, मग या पुस्तकात त्याचं प्रकरण कशाला, असं हस्तलिखित वाचणाऱ्या एका मित्राने विचारलं. लान्सचा हिशेब पर्डीवाचून मिटत नाही, म्हणून.

शेवटी वाचकांसाठी दोन शब्द. सांताक्लारा, फ्रिस्को, न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हिवाळ्यातल्या रविवारी नातवंडं टीव्हीसमोर आरडाओरडा करतात आणि भारतातून आलेले आजी-आजोबा शेजारी बसून तास मोजतात. हे पुस्तक लिहिताना तो आजोबांचा सोफा माझ्या डोळ्यांसमोर होता, त्यामुळे नियम जिथे लागतील तिथेच सांगितले आहेत. ज्यांना खेळ पाठ आहे त्यांनी पहिलं प्रकरण खुशाल ओलांडावं. प्रकरणं कालक्रमाने आहेत. एकच वाचायचं असेल तर २०१७ चं वाचा. अंतरं यार्डांतच ठेवली आहेत, कारण मीटरमध्ये हा खेळ हास्यास्पद वाटतो. आणि डॉलरचे रुपये कुठेही केलेले नाहीत. पुस्तक छापून होईपर्यंत ते बदलले असते.